काम संपल्यावरची सहल

मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही ‘आम्ही केलेली सहल’ हा निबंधाचा विषय नवा नाही, आणि मराठी शिकवणाऱ्या कोणाही शिक्षकाला त्या निबंधाचा साचा अनोळखी नाही. पहाटेची लगबग, बसमधली गाणी, स्थळदर्शन, डबा आणि सूर्यास्ताच्या वेळी परतीचा प्रवास. स्थळ मात्र प्रदेशागणिक बदलते. कोकणात समुद्र, देशावर गड किंवा लेणी, नगर-नाशिककडे धरण. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या मुलांच्या वह्यांत ताडोबा असते, आनंदवन असते, वैनगंगेकाठचे मार्कंडा असते, बल्लारपूरचा किल्ला असतो, कधी हेमलकसा असते. कोळशाची खाण मात्र जवळजवळ कधीच नसते. वास्तविक ताडोब्याचा वाघ दिसेल की नाही याची खात्री नसते. खाणीतून निघालेला डंपर मात्र चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घूस, माजरी या परिसरातल्या मुलाला रोज दिसतो. जे सर्वांत जवळ आणि सर्वांत प्रचंड आहे, ते निबंधात का येत नाही? या साध्या प्रश्नाचा माग घेताना आम्हांला बराच लांबचा फेरा घालावा लागला, आणि तो फेरा इंग्लंडमधून गेला.

इंग्लंडातल्या केंट परगण्यात स्ट्रूड या गावी २००० साली ‘डिगरलँड’ नावाचे एक उद्यान सुरू झाले. बांधकामाची यंत्रे भाड्याने देणाऱ्या एका व्यवसायातून ते जन्माला आले. कल्पना अशी की, आईबापांनी सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन यावे, तिकीट काढावे आणि मुलांनी खऱ्याखुऱ्या यंत्रावर बसून माती उकरावी. यंत्रे खेळण्यातली नव्हेत. रस्त्याच्या कामावर असतात तीच; मात्र त्यांचा वेग आणि हालचाल आवर घालून सुरक्षित केलेली. लहान मुलाच्या शेजारी मोठे माणूस बसते, मूल दांडा ओढते, आणि कित्येक माणसांचे बळ असलेला लोखंडी हात त्याच्या बोटांच्या इशाऱ्यावर मातीत शिरतो. पुढे डेव्हन, डरहॅम आणि यॉर्कशर या परगण्यांतही अशी उद्याने निघाली, आणि २०१४ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीतही. याच कुळातले दुसरे उदाहरण ‘किडझानिया’चे. १९९९ साली मेक्सिको शहरात सुरू झालेली ही मुलांची नगरी २०१३ साली मुंबईत घाटकोपरला आली. तेथे मूल वैमानिक होते, डॉक्टर होते, आग विझवते आणि त्या कामाचे खोटे पैसे मिळवून खर्चही करते.

या करमणुकीची चेष्टा करणे सोपे आहे, पण आम्हांला ते करावयाचे नाही. दांडा ओढताच पृथ्वी हलते, याचा आनंद अस्सल आहे. तो ज्याला कळत नाही त्याने मूल होणे सोडून फार काळ लोटला असावा. प्रश्न आनंदाचा नसून त्याच्या इतिहासाचा आहे.

खेळण्यांविषयी लिहिताना रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने एक आक्षेप घेतला होता. त्याचा तो छोटा निबंध ‘मिथॉलॉजीज’ या १९५७ सालच्या पुस्तकात आहे. फ्रेंच खेळणी म्हणजे मोठ्यांच्या जगाच्या लहान प्रतिकृती असतात, त्यामुळे मूल ते जग घडवण्याऐवजी तयार स्वरूपात स्वीकारायला शिकते. ते निर्माता होत नाही, वापरणारा होते, असे त्याचे म्हणणे. डिगरलँडला हा आक्षेप अगदी चपखल बसतो असे प्रथमदर्शनी वाटते. पण विदर्भातल्या वाचकाला येथे थबकावे लागेल. आपल्याकडेही एक खेळणे असे आहे की जे मोठ्यांच्या जगाची हुबेहूब प्रतिकृती आहे, आणि तरीही त्याविषयी बार्थसारखे बोलण्यास मन धजत नाही.

ते खेळणे म्हणजे तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी. पिठोरी अमावास्येला पोळा भरतो. आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात, त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. पोळ्याला त्याच्या खांद्यावर जू ठेवायचे नाही, हा नियम. दुसऱ्या दिवशी पाडव्याला मुलांचा पोळा. चाके लावलेला लाकडी बैल दोरीने ओढीत मुले तोरणाखाली उभी राहतात, मग घरोघर जातात, आणि घरधनी त्यांच्या हातावर ‘बोजारा’ ठेवतो. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीने ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुरू केली असे परंपरा सांगते. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली या सर्व भागांत ती रुजली.

आता बार्थच्या चौकटीत पाहिले तर लाकडी नंदी आणि डिगरलँडचे यंत्र यांत फरक तो काय? दोन्ही श्रमाची साधने, दोन्ही मुलांच्या हाती खेळ म्हणून दिलेली. फरक आमच्या मते वस्तूत नाही, तिच्या भोवतालच्या नात्यांत आहे. नंदी ओढणाऱ्या मुलाला खऱ्या बैलाचे नाव ठाऊक असे. त्याचा बाप त्याच बैलामागे नांगर धरीत असे, आणि वर्षातून एक दिवस त्या श्रमाला सारे गाव नमस्कार करीत असे. काम चालू असतानाच, कामाच्या अंगणातच तो खेळ होता. खेळ संपला की मूल त्याच गोठ्याशी परत येई.

याच्या अगदी उलट टोकाला डिगरलँड उभे आहे, आणि त्याचे कारण त्या उद्यानांच्या पत्त्यांत सापडते. डरहॅम आणि यॉर्कशर हे दोन्ही परगणे कोळशाचे. तेथल्या गावांच्या कित्येक पिढ्या खाणीत गेल्या. १८४२ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे खाणींतील बालकामगारांचा अहवाल आला. अंधाऱ्या बोगद्यांतून कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या मुलामुलींची त्यातली चित्रे पाहून समाज हादरला, आणि त्याच वर्षी स्त्रियांना व दहा वर्षांखालील मुलांना जमिनीखाली कामाला लावण्यास कायद्याने बंदी झाली. डरहॅममधल्या शेवटच्या खोल खाणी १९९०च्या दशकात बंद पडल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याच परगण्यात मुले पुन्हा मातीत यंत्र घालू लागली; या वेळी तिकीट काढून आणि आईबापांच्या शेजारी बसून. ज्या अंधारातून मुलांना कायद्याने बाहेर काढावे लागले, त्या भूमीवर ती उन्हात खेळायला परत आली, ही मानवी प्रगतीच होय. पण या प्रगतीचा क्रमही लक्षात घ्यावा. यंत्रे अजून जगभर राबत आहेत हे खरे. मात्र त्या गावांचे पोट खाणीवर अवलंबून राहिले नाही, तेव्हाच उकरण्याचा खेळ झाला. काम संपले, आणि मग सहल सुरू झाली.

हा क्रम आपल्या जंगलाच्या जिल्ह्यांतही दिसतो. अहेरी तालुक्यातले कमलापूर घ्या. तेथील हत्तीकॅम्प हा राज्यातला शासकीय हत्तींचा प्रसिद्ध तळ. आलापल्ली-सिरोंच्याच्या या रानातला साग दूरवर नावाजलेला; तोडलेले ओंडके ओढून आणण्यासाठी वनखात्याने हत्ती पाळले. हत्ती हे त्या रानातले अवजड यंत्रच होते. पुढे लाकूडतोड कमी झाली, ट्रक आणि ट्रॅक्टर आले, हत्तींचे मूळ काम उरले नाही. आणि आज कुटुंबेच्या कुटुंबे मुलांना घेऊन हत्ती पाहायला कमलापूरला जातात. २०२२ साली तेथील काही हत्ती गुजरातेत हलवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा लोकांनी कडाडून विरोध केला. हत्ती ओंडके ओढत होता तेव्हा तो खात्याचा होता. तो ओढायचा थांबला, तेव्हा तो लोकांचा झाला.

झाडीपट्टीतला शंकरपटही याच वाटेने गेलेला. सुगी झाली की गावोगाव मंडई भरते, बैलांच्या शर्यती लागतात आणि रात्री नाटक. पाहुण्यारावळ्यांनी घरे भरून जातात. या मुलखातली खरी कौटुंबिक सहल हीच. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद पडल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ च्या निकालाने ती कायम झाली. पण या मधल्या काळात नांगरटीचे काम बहुतेक ट्रॅक्टरकडे गेले होते. पटावर धावणारा बैल हा आता पुष्कळदा केवळ पटाचाच बैल असतो. लाकडी नंदीचेही तेच. ज्या घरांत खरा बैल नाही अशा घरांतली मुलेही तो आज ओढतात. कामाशेजारचा खेळ हळूहळू कामाच्या आठवणीचा खेळ होत आहे.

मग खाणीचे काय? येथे काम संपलेले नाही. चालू आहे, आणि वाढते आहे. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वरोऱ्याला एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकात सरकारी कोळसाखाण सुरू झाली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आणली गेली. ती खाण १९०६ साली बंद झाली. तोवर कोळशाचा शोध बल्लारपूरकडे सरकला होता. १९७३ साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ साली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी स्थापन झाली, आणि भुयारी खाणींच्या जोडीला उघड्या खाणींचे, म्हणजे ओपनकास्टचे युग आले. कोळशावरची माती आणि खडक काढून बाजूला रचलेले ढिगारे आज या सपाट मुलखातले डोंगर झाले आहेत. ताडोब्याच्या वाटेवर ज्या परक्या प्रवाशाला ते टेकड्या वाटतात, त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही की ही टेकडी नसून खड्ड्याची दुसरी बाजू आहे.

या खड्ड्याशी मुलाचे नाते कायद्याने ठरवले. १९२३ च्या खाण कायद्याने तेरा वर्षांखालील मुलांना खाणीत कामाला लावण्यास बंदी केली, १९३५ साली ही मर्यादा पंधरा झाली, आणि १९५२ च्या कायद्यात १९८३ साली झालेल्या दुरुस्तीने ती अठरा वर्षांवर नेली. घटनेच्या चोविसाव्या कलमाने चौदा वर्षांखालील मुलांना कारखाना, खाण किंवा धोक्याचे काम बंद केले आहेच. यातले एकही पाऊल मागे घ्यावे असे कोणीही म्हणणार नाही. तथापि बंदीचा एक अनाहूत परिणाम झाला. मूल कामातून सुटले, आणि त्याच वेळी कामाच्या ओळखीतूनही सुटले. बैलाच्या कामातून मुलाला बाहेर काढले तरी गोठा घरातच होता. खाण मात्र घरात नाही. ती कुंपणाआड आहे. बाप डंपर चालवतो. तो नेमका काय चालवतो, कोठे चालवतो, हे मुलाने पाहिलेले नसते. म्हणून खाण निबंधात येत नाही. ती रोज दिसते, परंतु तेथे कोणी नेत नाही.

भाषेने मात्र या यंत्रांना केव्हाच घरात घेतले. ‘पोकलेन’ हे आपल्या बोलीतले नाव एका फ्रेंच कंपनीचे, आणि ‘जेसीबी’ ही जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाच्या नावाची आद्याक्षरे. त्याने १९४५ साली आपला धंदा सुरू केला; १९७९ पासून ही यंत्रे भारतात बनू लागली. आज कोणत्याही कंपनीचे पिवळे यंत्र असो, ते जेसीबीच. निवडणुकीच्या मिरवणुकीत त्याच्या बकेटमधून गुलाल आणि फुले उधळली जातात. म्हणजे पोळ्याच्या बैलासारखा त्याचाही शृंगार होतो. फक्त नमस्कार यंत्राला किंवा ते चालवणाऱ्याला नसून खालून जाणाऱ्या पुढाऱ्याला असतो.

२०१९ चा मे महिना या दृष्टीने पुन्हा आठवण्याजोगा आहे. त्या महिन्याच्या अखेरीस जेसीबीने खोदकाम चालू असताना भोवती जमणाऱ्या बघ्यांच्या चित्रफिती देशभर पसरल्या आणि त्यांवर विनोदांचा पाऊस पडला. तिकीट नसलेले हे भारतीय डिगरलँडच होते. खोदणारे यंत्र पाहत उभे राहणे हा आपल्या गरीब देशातला फुकट तमाशा. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला, महाराष्ट्रदिनी, गडचिरोली जिल्ह्यात कुरखेडा तालुक्यातल्या दादापूर येथे माओवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची पंचवीसहून अधिक वाहने आणि यंत्रे जाळली, आणि त्याच दिवशी जांभुळखेडाजवळच्या स्फोटात पंधरा पोलीस व त्यांचा वाहनचालक ठार झाले. त्याआधी डिसेंबर २०१६ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखनिजाच्या कामावरील सत्तरहून अधिक वाहने जाळली गेली होती. २०२१ पासून तेथले खोदकाम पुन्हा सुरू झाले आहे. एकाच महिन्यात, एकाच देशात, तेच पिवळे यंत्र एका ठिकाणी हसण्याचा विषय होते आणि दुसऱ्या ठिकाणी जळून काळे पडलेला सांगाडा. गडचिरोलीतल्या मुलाला यंत्र पाहायला कोठे जावे लागत नाही. त्याला यंत्राची भीती, यंत्राची आशा आणि यंत्राचा राग या तिन्ही गोष्टी मोठ्यांच्या बोलण्यातून एकदमच मिळतात. रस्ता म्हणजे दवाखाना, हे त्याला माहीत असते. आणि रस्ता म्हणजे डोंगर खाली नेणारे ट्रक, हेही. केंटमधल्या मुलाला यांतले काहीच माहीत असण्याची गरज नाही. तेथे उकरलेली माती संध्याकाळी पुन्हा त्याच खड्ड्यात जाते. तेथल्या मातीखाली कोणाचे गाव नव्हते.

आमच्या मते खरा भेद येथे आहे. खेळ कामाचा इतिहास सांगू शकतो, तसाच तो पुसूही शकतो. कोणता खेळ काय करतो हे यंत्रावर ठरत नाही. मुलाला राबणारे माणूस भेटते की नाही, यावर ठरते.

ते भेटावे असा विचार आपल्याकडे झालाच नाही असे नाही, आणि तो नेमका याच टापूत झाला. ज्या वर्ध्याहून कोळशाची रेल्वे वरोऱ्याला गेली, त्याच वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देणारी ‘नई तालीम’ मांडली गेली. मुलांच्या उत्पादनावर शाळा चालवणे म्हणजे शाळेचा कारखाना करणे होय, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता, आणि तो निराधार नव्हता. पण चरखा किंवा कुदळ हाती घेतलेल्या मुलाला ती कोणासाठी चालते हे ठाऊक असावे, हा तिचा गाभा आजही जुना झालेला नाही.

पुढे वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन उभे राहिले, आणि मूल तालुक्यातल्या सोमनाथ येथे १९६७ साली श्रमसंस्कार छावणी सुरू झाली. भर मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात, महाराष्ट्रभरातून तरुण मुलेमुली सुट्टी घालवण्यासाठी येतात आणि कुदळ-फावडे घेऊन माती खणतात. डिगरलँडच्या तेहेतीस वर्षे आधी सुरू झालेली, माती खणण्याची ही सहलच म्हणावयाची. येथे खणलेली माती संध्याकाळी खड्ड्यात परत जात नाही. तिचा बांध होतो. आणि शेजारी राबणारा माणूस हा बहुधा समाजाने एकेकाळी वाळीत टाकलेला कुष्ठमुक्त माणूस असतो. छावणीत गेलेल्यांना मातीपेक्षा त्या माणसाची आठवण अधिक राहते, असे आम्ही अनेकांकडून ऐकले आहे.

खाणीच्या बाबतीतही एक फट उघडली आहे. २०१६ साली वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि राज्याचे पर्यटन महामंडळ यांनी नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरची भुयारी खाण आणि गोंडेगावची उघडी खाण पर्यटकांना दाखवण्याचा करार केला. चालू काम पाहण्याची ही सहल, म्हणजे आम्ही वर मांडलेल्या क्रमाला एक अपवाद. चंद्रपूरच्या बंद झालेल्या खाणींचे पुढे काय करावे याचा विचार कधीतरी करावाच लागेल, आणि तेव्हा एखादे मनोरंजन-उद्यान हा पर्याय कोणाच्या तरी मनात येणारच. आमचा त्याला विरोध नाही. मुलांनी पोकलेनचा दांडा जरूर ओढावा. मात्र शेजारच्या आसनावर त्याच खाणीत आयुष्य काढलेला ऑपरेटर बसलेला असावा, आणि येथे पूर्वी कोणते गाव, कोणते शेत, कोणते रान होते हे मुलाने त्याला विचारता यावे.

तोवर शिक्षकांनी एक लहानशी गोष्ट करावी. पुढच्या वेळी ‘आम्ही केलेली सहल’ हा विषय द्याल तेव्हा त्याच्याखाली दुसराही एक द्यावा: ‘माझे वडील कामावर काय करतात?’ किंवा ‘माझी आई’. बल्लारपूरच्या, घुग्घूसच्या, एटापल्लीच्या वर्गांतून जी उत्तरे येतील, त्यांत सूर्यास्त नसेल आणि बसमधली गाणीही नसतील. पण खाणीची वही त्या दिवशी प्रथमच उघडलेली असेल.